कोठारातली सकीनाबी

सकीनाबीवर कुणीतरी लिहायला हवं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. ते माझ्या हातून व्हावं असं मात्र वाटत नव्हतं. एकोणतीस वर्षं मी लिपिक होतो, आणि जे काही लिहिलं ते छापील नमुन्याच्या रकान्यांत लिहिलं. पण तिला त्या खोलीत राहताना पाहिलेली माणसं मोजकीच, आणि त्यांतलं कुणी लिहील असं दिसत नाही. म्हणून जमेल तसं लिहितो.

आमचं निरीक्षणगृह वाशीम जिल्ह्यात एका गावाबाहेर होतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आला की चौकशी होईपर्यंत त्याला ठेवायची ती जागा. इमारत भाड्याची, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामाला लागून. मंजुरी पंचवीस मुलांची. मुलांची म्हणजे मुलग्यांची. मुलींसाठी जिल्ह्यात काहीच नव्हतं. संस्थेचं नाव लिहीत नाही. आता ते गृह बंद झालं आहे.

सकीनाबी तिथं स्वयंपाकाला होती. जन्म कामरगावचा, सासर मंगरूळपीरचं. नवरा फय्याज गाद्यांचा कापूस पिंजायचा. कापसाची धूळ छातीत बसून तो गेला, तेव्हा मुलगी दुआ सहा वर्षांची होती. शेजारच्या एका मास्तरांनी शब्द टाकला आणि सकीनाबी आमच्याकडे मानधनावर लागली. अंगानं बारीक, चालणं झपाट्याचं, आवाज मात्र भरदार. मुलं तिला खाला म्हणायची. ती त्यांना दोन भाषांत रागवायची: लहान चुकीला वऱ्हाडीत, मोठ्या चुकीला उर्दूत. "ऐ नालायक" ऐकू आलं की आम्ही कार्यालयात बसल्याबसल्या ओळखायचो, काहीतरी फुटलं आहे.

कोठाराची गोष्ट तिच्यापासूनच सुरू झाली. शेतातल्या विहिरीवरची मोटर चोरताना चार मोठी मुलं पकडली गेली, त्यांच्यासोबत एक नऊ वर्षांचं पोरगं आलं. ते बॅटरी धरून उभं होतं म्हणे. आमच्याकडे सगळ्यांना झोपायला एकच हॉल. सोळा-सतरा वर्षांची मुलं त्याच्याकडून पाय दाबून घ्यायची, त्याच्या ताटातली पोळी उचलायची. रोज सकाळी त्याचं अंथरूण ओलं. तीन दिवस सकीनाबीनं ते अंथरूण वाळत घातलं आणि चौथ्या दिवशी ओल्या हातानंच अधीक्षक साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, थे लेकरू माह्याजवळ झोपू द्या."

"तुझ्याजवळ म्हणजे कुठे?"

"कोठारात. पोते एका बाजूले सरकवतो मी. त्याले जागा लागते किती? मांजरीएवढी."

साहेब हसले आणि हो म्हणाले. तोंडीच. ते पोरगं अठरा दिवस कोठारात झोपलं, आणि सकीनाबी तेवढे दिवस घरी गेली नाही. दुआला शेजारणीकडे ठेवलं.

त्यानंतर तो रिवाजच पडला. हॉलमध्ये ज्याला ठेवता येत नाही, ते कोठारात. आधी लहान मुलं, मग मुली. मुली खरं तर यायलाच नकोत. पण पोलीस संध्याकाळी एखादीला घेऊन यायचे, बाल न्याय मंडळाचा आदेश असायचा की दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलींच्या गृहात रवाना करावी, आणि तोवर तात्पुरतं इथं. तात्पुरतं म्हणजे दोन दिवस. दोनाचे पाच व्हायचे, पाचाचे बारा. मुलगी असेल तिथं बाई हवी, आणि आमच्याकडे बाई एकच.

ते कोठार मी मोजलं आहे. दहा फूट बाय आठ. स्वयंपाकघराकडच्या भिंतीत एक जाळीची खिडकी, तळहाताएवढी. दार मुलांच्या अंगणात उघडायचं आणि कडी फक्त बाहेरून होती, कारण ते धान्यासाठी बांधलेलं. ज्वारीला आतून कडी कशाला लागते? संडास अंगणाच्या पलीकडच्या टोकाला. मुलीला जायचं असेल तर वीस-बावीस मुलांच्या नजरेतून जायचं. त्यामुळे तिथं आलेल्या बहुतेक मुली दुसऱ्या दिवसापासून पाणी प्यायचं सोडायच्या. सकीनाबीही त्यांच्यासोबत कमी प्यायला शिकली. तिला मुतखडा झाला तेव्हा डॉक्टरनं विचारलं, "बाई, तुमच्या गावात पाण्याची टंचाई आहे का?" ती म्हणाली, "गावात नाई, माह्या नौकरीत हाये."

एकदा दोन मुलं भिंतीवरून पळाली. त्यानंतर साहेबांनी नियम केला: कोठाराला बाहेरून कुलूप, किल्ली फाटकावर चौकीदाराजवळ, आणि बाई सोबत नसेल तर दार उघडायचं नाही. नियम मुलींच्या भल्याचा होता. पण मुलगी आत म्हणजे रात्री सकीनाबीही आत. संध्याकाळचा स्वयंपाक झाला की ती आपलं ताट घेऊन कोठारात शिरायची आणि चौकीदार लालसिंग बाहेरून कुलूप लावायचा.

लालसिंग वाईट माणूस नव्हता. ती दोन मुलं त्याच्याच पाळीत पळाली होती आणि कंत्राटी नोकरी जाता जाता वाचली होती. कुलूप लावल्यावर तो दोनदा ओढून पाहायचा.

आतून सकीनाबी म्हणायची, "ओढ बापा, ओढ. सोन्याची वीट ठेवली हाये आत."

"खाला, मी तुले कोंडत नाई. मी आपली नौकरी कोंडून राह्यलो."

"मंग तुही नौकरी झोपते कुठी, थे सांग. इथी तर दोघीलेच जागा नाई."

हसू यायचं. पण एका दुपारी जे झालं, त्यानंतर मला ते हसू नीट येईना.

तेरा वर्षांची एक मुलगी होती. सकीनाबीच्या चुलतभावाची मय्यत झाली म्हणून ती चार तासांसाठी मंगरूळपीरला गेली. साहेब बैठकीला वाशीमला होते. दुपारी मुलीनं आतून दार वाजवलं. लालसिंग गेला, विचारलं, परत आला. मला म्हणाला, "तिले जायचं हाये, बाबूजी. पण बाई नाई." मी म्हणालो, "साहेबांना फोन लाव." साहेबांनी उचलला नाही. दार वाजत राहिलं. मी टंकलेखनाच्या यंत्रावर बसलो होतो, दार मला दिसत होतं. मग वाजायचं थांबलं.

सकीनाबी आल्यावर दार उघडलं. मुलगी पोत्यांच्या कोपऱ्यात पाठमोरी बसली होती आणि फरशी ओली होती. सकीनाबीनं तिला स्वयंपाकघरात नेलं, पाणी तापवून दिलं, आपली साडी दिली. फरशी स्वतः पुसली. मग आम्हा दोघांसमोर येऊन उभी राहिली.

"किल्ली होती ना तुमच्यापाशी?"

लालसिंग म्हणाला, "आदेश होता, खाला."

"आदेशानं पुसली असती काय थे फरशी?"

ती मुलगी तिथून जाईपर्यंत, म्हणजे आणखी सहा दिवस, एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून सकीनाबीनं ठरवलं, की कोठारात कुणी असेल तोवर आपण फाटकाबाहेर जायचं नाही. दुआचा साखरपुडा तिच्याशिवाय झाला. लग्न मात्र झालं तिच्या हातानं, कारण त्या महिन्यात योगायोगानं कोठार रिकामं होतं.

आता ज्या मुलीमुळे हे सगळं संपलं तिच्याबद्दल. कायद्यानं तिचं खरं नाव छापता येत नाही. मी तिला रूपा म्हणतो. गाव आसेगावकडचं, इतकंच.

रूपा चौदा वर्षांची. आईसोबत सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, जायची. सोंगणीला प्रत्येकीला आपापली पात, म्हणजे कापायची ओळ, ठरलेली असते. आपली पात अर्धी सोडली की ती शेजारणीच्या माथी पडते. आईची पात अर्धी राहिली, त्यावरून मुकादमीण तिला टाकून बोलली, रूपाच्या हातात विळा होता, तिनं तो रागानं फेकला आणि तो मुकादमिणीच्या पोटरीत घुसला. शिरा तुटल्या. बाई गावातल्या वजनदार घरची. "पोरगी गावात दिसली तर पाय तोडू," असं तिचे दीर चारचौघांत म्हणाले. म्हणून मंडळानं तिला घरी सोडलं नाही. तिच्याच जिवासाठी मुलींच्या गृहात ठेवा, असा आदेश झाला, आणि पुढची तारीख दिवाळीच्या सुटीनंतरची पडली. दसऱ्याच्या आठ दिवस आधी ती आमच्याकडे आली. दोन दिवसांसाठी.

मी त्याच दिवशी मुलींच्या गृहाच्या नावानं पत्र तयार केलं, पोलिसांकडे महिला शिपाई आणि गाडी मागितली. पत्राला जावक क्रमांक पडला. आमच्याकडची पद्धत अशी, की जावक क्रमांक पडला की मुलीच्या नावापुढे 'रवाना' लिहायचं आणि पान बंद करायचं. माझ्या आधीच्या लिपिकानं मला तसंच शिकवलं होतं. गृह मुलग्यांचं असल्यामुळे मुलीचं पान उघडं दिसलं तर वरून विचारणा येते. त्यापेक्षा ती कागदावर निघालेली बरी. आज ना उद्या ती जातेच. महिन्याच्या पाच तारखेला जिल्ह्याला जे विवरणपत्र जायचं, त्यात 'मुली' या रकान्यात मी अकरा वर्षं एकच शब्द लिहीत आलो होतो: निरंक, म्हणजे एकही नाही.

नवरात्राच्या बंदोबस्तामुळे महिला शिपाई मिळाली नाही. दसऱ्यानंतर मी फोन केला. आता गाडी नव्हती. गाडी मिळाली तेव्हा मुलींच्या गृहातून निरोप आला, पत्र जुनं झालं, पंधरा दिवसांवरच्या पत्रावर घेता येत नाही, नवीन पाठवा. मी नवीन पत्र टाइप करायला बसलो आणि तिथंच अडकलो. नोंदवहीप्रमाणे ती तर गेलेली. रवाना झालेल्या मुलीला पुन्हा रवाना कसं करायचं? साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "नोंद बदलायची नाही. बदललीस तर आधीच्या सगळ्या बदलाव्या लागतील. थांब, काहीतरी मार्ग निघेल."

मंडळाला वाटत होतं ती मुलींच्या गृहात आहे. मुलींच्या गृहाला वाटत होतं ती आमच्याकडे आहे. आमच्या वहीप्रमाणे ती आमच्याकडे नव्हती. आणि ती तर जाळीतून सकीनाबीला विचारत होती, "मावशी, आज भाजी कायची हाये?"

सकीनाबी तिला जाळीतून लसूण सोलायला द्यायची, एकेक पाकळी. रूपा तोंडाळ होती. कोंडलेलं मूल सहसा गप्प होऊन जातं. ही बोलत राहायची. मावशीवरून ती आठवड्यातच खालावर आली. दर बुधवारी तिची आई जीपनं येऊन फाटकाजवळ अर्धा तास तिला भेटायची. ती गेली की रूपा दोन तास गप्प, मग पुन्हा सुरू.

"खाला, तुले कायच्या गुन्ह्यात टाकलं गं इथी?"

"सैपाक चांगला केला म्हणून."

"मंग बिघडव ना जराक. सुटशीन."

"मी सुटली तर तुह्याजवळ कोन बसन, लालसिंग?"

"नाई नाई," रूपा म्हणायची, "तू चांगलाच कर सैपाक."

असे अठ्ठावीस दिवस झाले. रूपाच्या ओठांच्या कडा फुटल्या होत्या, दोनदा ताप येऊन गेला होता, लघवीला जळजळ होते म्हणून सकीनाबी तिला धण्याचं पाणी पाजायची आणि ती ते प्यायला नकार द्यायची. त्याच सुमारास दुआ बाळंतपणाला माहेरी आली. पहिलंच बाळंतपण. जावई परवेज तिला सोडून कामावर परत गेला. घरात दुसरं कुणी नाही, शेजारीण तेवढी जाऊन-येऊन. आत फोन न्यायची बंदी म्हणून सकीनाबीचा फोन लालसिंगजवळ असायचा. तो दारापाशी येऊन फोन मोठ्या आवाजावर लावून उभा राहायचा, आणि आई आतून, मुलगी मंगरूळपिरातून, मध्ये लाकडी दार, अशा त्या बोलायच्या.

"अम्मी, पाय लय सुजले."

"मीठ कमी खाय. उशी घे पायाखाली."

"तू कधी येशीन?"

"येतो बेटा. पोरगी गेली की येतो."

"कोनती पोरगी?" दुआ चिडून म्हणायची. "मी नाई काय पोरगी?"

लालसिंग तेव्हा दुसरीकडे पाहायचा.

सकीनाबी साहेबांकडे रजा मागायला गेली. मी तिथंच होतो. साहेब म्हणाले, "जा ना. तुला कुणी अडवलंय?"

"मंग पोरीजवळ?"

"ते बघू आम्ही. कुलूप आहेच."

तिला खरंच कुणी अडवलं नव्हतं. फाटक तिच्यासाठी उघडं होतं. ती परत आली आणि माझ्या टेबलासमोर खाली बसली. याआधी ती कार्यालयात कधी बसली नव्हती.

"पंजाबभाऊ, एक सांगा. आधीच्या पोरी पाच दिवसांत गेल्या, बारा दिवसांत गेल्या. थे पोरगी काहून जात नाई?"

मला खोटं बोलता आलं असतं. बंदोबस्त आहे, गाडी नाही, दिवाळी आहे. पण ती माझ्याकडे पाहत होती, आणि त्या दुपारचं दार मला आठवत होतं. मी नोंदवही काढून तिच्यासमोर उघडली. तिला मराठी अक्षर लावून लावून वाचता यायचं. तिनं बोट ठेवून वाचलं. र, वा, ना.

"गेली?"

"कागदावर."

"कधीची?"

"आली त्याच दिवशी."

ती बराच वेळ बोट तिथंच ठेवून होती. मग म्हणाली, "म्हणजे मी महिनाभर कोनाजवळ झोपून राह्यली?"

तिनं वही माझ्याकडे फिरवली.

"हे अक्षर कोनाचं हाये?"

"माझंच."

मला वाटलं, आता ती उर्दूत सुरू होईल. ती झाली नाही. एवढंच म्हणाली, "मंग तुमीच खोडा."

मी तिला सगळं सांगितलं. नुसतं खोडून चालणार नाही. पाच तारखेच्या विवरणपत्रात 'मुली' या रकान्यात एक लिहावा लागेल. तो आकडा वर गेला की फोन येतील, मुलगी लगेच हलेल. पण मग चौकशी होईल. मुलगी महिनाभर कुठे ठेवली? कुणाच्या ताब्यात? आणि सकीनाबी आमच्या यादीत स्वयंपाकीण होती, काळजीवाहक नव्हती. रात्री मुलीच्या खोलीत राहायचा लेखी आदेश तिच्याजवळ नव्हता. पहिला ठपका तिच्यावर येईल.

"मले काढतीन?"

"काढू शकतात."

"आन् तुमाले?"

"माझ्या निवृत्तीला पाच महिने राहिलेत. मला बहुतेक नोटीस देतील."

ती उठली. दारापर्यंत गेली, पुन्हा वळली. "लिवा," म्हणाली. "पन थे पोट्टीले आताच सांगू नोका. तिची माय बुधवारी येते, तेव्हा सांगू."

विवरणपत्रं साहेब कधी वाचत नसत. सात-आठ कागद मी उघडून धरायचो, ते फोनवर बोलता बोलता सही करायचे. पाच तारखेला मी कागद धरला तेव्हा माझा अंगठा त्या रकान्यावर होता. मुद्दाम ठेवला होता की आपोआप गेला, मला सांगता येणार नाही. सही झाली. मी कागद पाकिटात घातला, नोंदवहीत 'रवाना' खोडून त्याखाली 'येथेच आहे' लिहिलं, आणि पाकीट टपालात न टाकता स्वतः बसनं वाशीमला जाऊन दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन वाजायला लागला तो थांबेना. साहेब मला काय बोलले ते लिहीत नाही. त्यांच्या जागी मीही बोललो असतो. दुपारी दोनला गाडी आली, दोन महिला शिपाई, आणि मुलींच्या गृहाचं संमतिपत्र. अकरा वर्षांत इतकं लवकर काही झालेलं मी पाहिलं नव्हतं. तो सोमवार होता. बुधवार यायला दोन दिवस होते.

सकीनाबीनं रूपाला सांगितलं. मी अंगणातच होतो. रूपाला आधी कळलंच नाही.

"कुठी?"

"मोठ्या जागी, बेटा. नुसत्या पोरीच असतात तिथी."

"किती दूर?"

"बसनं साडेतीन घंटे."

"मंग माही माय कशी येईन?" तिनं दाराची चौकट धरली. "मले नाई जायचं. मी इथीच राह्यतो. मी पानी पेतो खाला, तू म्हणशीन तेवढं पेतो."

"तसं नाई बेटा..."

"तुले घरी जायचं हाये," रूपा म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "तुह्या पोरीले लेकरू होऊन राह्यलं. मी ऐकलं ना फोनवर. म्हणून मले हाकलून राह्यली."

मी वाट पाहिली की ती नाही म्हणेल. तिनं रूपाची बोटं चौकटीवरून एकेक करून सोडवली, तिचे केस बांधून दिले, आणि गाडीपर्यंत सोबत गेली. रूपानं मागं पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी सकीनाबी मंगरूळपीरला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी दुआला मुलगी झाली. बुधवारी रूपाची आई नेहमीसारखी फाटकावर आली, हातात गुळाच्या पोळ्यांचं फडकं. लालसिंगनं तिला सांगितलं. ती बाई तिथंच भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "मी आसेगाव आन् मंगरूळपीर, दोनच रस्ते पाह्यलेले हायेत, दादा." लालसिंगनं मला बोलावलं. मी तिला सकीनाबीचा पत्ता लिहून दिला.

चौकशी झाली. दोन अधिकारी आले, कोठार पाहिलं, फोटो काढले. मला विचारलं, स्वयंपाकीण मुलीच्या खोलीत कुणाच्या आदेशानं राहत होती? मी म्हणालो, तोंडी आदेश होता. कुणाचा? साहेब माझ्या शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "नक्की सांगता येणार नाही." हे मी आज पहिल्यांदाच लिहीत आहे. आठवड्यानं सकीनाबीला कामावरून कमी केलं. मला नोटीस आली, मी उत्तर दिलं, पुढे काही झालं नाही. वेळेवर निवृत्त झालो.

तिला तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती. दीड महिन्यानं तीच माझ्या घरी आली, सोबत रूपाची आई. दारात उभं राहूनच म्हणाली, "पंजाबभाऊ, भेटीचा अर्ज कसा असते? तुमाले येते काय लिवता?"

अर्ज मी लिहिला. त्यांच्यासोबत गेलोही, कारण तिथं आणखी काही कागद मागितले तर कुणी असावं. बसमध्ये सकीनाबी खिडकीशी बसली होती. मी कसंबसं म्हणालो, "चौकशीत मी नीट बोललो नाही."

"मालूम हाये," ती म्हणाली. "लालसिंगनं सांगतलं." थोड्या वेळानं म्हणाली, "पोट्टी पन खरंच बोलली होती ना. मले घरी जायचंच होतं. लिवा म्हटलं थे तिच्यासाठी बी, माह्यासाठी बी. त्यात किती कोनाचं, थे मले नाई काढता येत."

मुलींच्या गृहाला उंच भिंत आणि निळं फाटक होतं. फाटकावर बाईच होती. रक्ताचं नातं असेल त्यालाच आत सोडतो, म्हणाली. रूपाची आई आत गेली. आम्ही दोघं समोरच्या लिंबाखाली उभे राहिलो. भिंतीपलीकडे मुली काहीतरी खेळत होत्या. पळण्याचे, भांडण्याचे, हसण्याचे आवाज येत होते. सकीनाबी मान तिरकी करून ऐकत होती. स्वयंपाक करताना ती जाळीतून कोठारातली चाहूल ज्या कानानं ऐकायची तो तिचा कान मला ओळखीचा होता.

"तिचा आवाज येतो का?" मी विचारलं.

"नाई कळत." ती पुन्हा ऐकू लागली. "लय जनी हायेत."

अर्ध्या तासानं आई बाहेर आली. डोळे पुसलेले, पण चेहरा सैल. सांगायला लागली: चौदा मुली आहेत, चौघींना एक खोली, संडास आतच आहे, रूपा शिवण शिकते, अंगानं भरली आहे, एका पोरीशी भांडण झालं म्हणून दोन दिवस तोंड फुगवून होती. सकीनाबी मध्ये मध्ये विचारत होती. ताप येते काय? जेवते काय? शेवटी तिनं विचारलं, "माह्यं काही?"

आईनं खाली पाहिलं. "तुमी आल्या म्हणून सांगतलं मी. काही बोलली नाई."

"नाई बोलली?"

"नाई."

सकीनाबीनं पदर सारखा केला. परतीची बस सव्वाचारची होती, आणि त्या बाईला स्टँड कोणत्या बाजूला आहे तेही आठवत नव्हतं. सकीनाबी तिला रस्ता दाखवत पुढे चालू लागली. इथून डावीकडे वळायचं, हे दवाखान्याचं बोर्ड ध्यानात ठेव, गाडीवर आपल्या जिल्ह्याचं नाव वाचून घ्यायचं, वाचता नाही आलं तर कंडक्टरले इचारायचं, लाजायचं नाही.

"पुढची भेट कधी हाये म्हणे?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या शनिवारी."

"मंग शुक्रवारीच येजो माह्या घरी. सकाळची गाडी सापडते."

"तुमी कायले येता आता, आपा? तुमाले तर आत सोडत नाई."

"मी बाहेर उभी राहीन," सकीनाबी म्हणाली. "तू आत जाजो."